घर मोजले, घरातला धंदा कोण मोजणार?

शासनाने घरबांधणीची नवी घोषणा केली की आपल्या मोहल्ल्यांत दोन प्रकारची चर्चा सुरू होते. एक वर्ग म्हणतो, हे सर्व बिल्डर मंडळींसाठी आहे, गरिबाच्या पदरात काही पडणार नाही. दुसरा वर्ग तडक एजंटाकडे धाव घेतो, अर्जाचे पैसे त्याच्या हाती ठेवतो आणि निश्चिंत होतो. शासन निर्णयात नेमके काय लिहिले आहे, त्यात आपला व्यवसाय कोठे बसतो आणि कोठे बसत नाही, याचा विचार मात्र दोन्हीकडे होत नाही. व्यापारी आणि कारागीर वर्गाने तो केला पाहिजे, कारण घराच्या प्रश्नात आपल्या रोजीरोटीचाही प्रश्न गुंतलेला आहे.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये राज्याचे नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. यापूर्वीचे धोरण २००७ सालचे होते. 'माझे घर, माझा अधिकार' हे नव्या धोरणाचे ब्रीद असून २०३० पर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरे उभारण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. त्यासाठी ७० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक अपेक्षित आहे. भाड्याची घरे, नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी निवास, औद्योगिक क्षेत्राजवळ कामगारांची घरे अशा गोष्टींचा धोरणात उल्लेख आहे. उद्दिष्ट मोठे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु घोषणा नवी असली तरी अनुभव जुना आहे, आणि तो तपासल्याशिवाय नुसत्या आकड्यावर समाधान मानणे शहाणपणाचे ठरणार नाही.

तीस वर्षांचा हिशेब

झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकासाचा कायदा राज्यात १९७१ साली झाला. पदपथावर राहणाऱ्यांचे मुंबईतील प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने राहत नाही, जवळपास काम मिळते म्हणून राहतो, ही गोष्ट न्यायालयाला पटली. पदपथावरील झोपड्या काढण्याचा महापालिकेचा अधिकार त्या निकालाने कायम राहिला, हेही खरे. तरीसुद्धा घर आणि रोजगार यांची गाठ देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने त्या दिवशी मान्य केली, ही बाब कारागीर वर्गाने विसरू नये.

पुढे १९९५ मध्ये मोफत घरांची योजना आली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. मुंबईतील ४० लाख झोपडपट्टीवासीयांना, म्हणजे सुमारे आठ लाख कुटुंबांना मोफत घरे देण्याचे ते आश्वासन होते. विकासकाने झोपडीधारकांना मोफत घर बांधून द्यावे आणि त्या बदल्यात जादा चटईक्षेत्र घेऊन उरलेल्या इमारती बाजारभावाने विकाव्यात, असे या योजनेचे गणित आहे. आरंभी घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फूट होते, नंतर ते २६९ झाले आणि २०१८ च्या विकास नियमावलीत ३०० चौरस फुटांवर आले. पात्रतेची तारीख १९८५, मग १९९५, मग २००० अशी पुढे सरकली. १ जानेवारी २००० नंतरच्या आणि १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांना सशुल्क घर देण्याचे ठरले आणि त्यासाठी २०२३ मध्ये अडीच लाख रुपये किंमत निश्चित झाली.

या योजनेतून काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या डोक्यावर पत्रा होता त्याला स्लॅब मिळाला. घरात नळ आला, संडास आला. घर पती आणि पत्नी अशा दोघांच्या नावे करण्याची तरतूद झाली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तीस वर्षांत आठ लाख घरांच्या निम्म्यापर्यंतही मजल गेली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. कित्येक ठिकाणी झोपडी तुटली, विकासकाने काही महिने भाडे दिले, मग भाडे थांबले आणि कुटुंबे वर्षानुवर्षे परक्या वस्तीत अडकून पडली. या तक्रारी इतक्या वाढल्या की दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा केल्याशिवाय विकासकाला पुढे जाऊ द्यायचे नाही, असे प्राधिकरणाला २०२३ मध्ये ठरवावे लागले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखाली तुंबलेल्या खटल्यांची दखल घेऊन कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घ्यावा, असे मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले. योजना कोठेतरी रुतली आहे, याची ही कबुलीच समजली पाहिजे.

कारागिराचे घर म्हणजे काय?

विलंबाचा प्रश्न सर्वांचाच आहे. आपल्या वर्गाचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शासनाच्या नजरेत घर म्हणजे माणूस रात्री झोपतो ती जागा. कारागिराच्या घरात मात्र दिवसा माल तयार होतो. जरीकाम करणाऱ्याच्या खोलीत अड्डा मांडलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी कारागीर बसतात आणि रात्री तोच अड्डा भिंतीला उभा करून लोक झोपतात. शिलाईवाल्याच्या घरात मशीन असते, चामड्याचे पाकीट बनविणाऱ्याकडे कातडी आणि चिकटद्रव्याचे डबे असतात. बेकरीचा माल टोपलीत भरून विकणाऱ्याची हातगाडी दारातच उभी राहते. विडी वळणाऱ्या बहिणीचे सूप उंबऱ्याजवळ असते. मालेगावात आणि भिवंडीत तर एका भिंतीपलीकडे यंत्रमाग आणि अलीकडे संसार अशी कितीतरी घरे आहेत.

अशा घराचे मोजमाप केवळ चौरस फुटांत करता येत नाही. जमिनीलगत असणे, रस्त्याला तोंड असणे, टेम्पो दारापर्यंत येणे, शेजारीच दोरा, बटण, रंग किंवा खिळे मिळणे, मालाची ऑर्डर देणारा व्यापारी पाच मिनिटांच्या अंतरावर असणे, हीच त्या घराची खरी किंमत असते. ती सातबाऱ्यावर नसते आणि कोणत्याही सर्वेक्षणाच्या फॉर्मवरही नसते. याच कारागिराला सातव्या मजल्यावर ३०० चौरस फुटांची स्वच्छ खोली दिली तर कागदावर त्याची प्रगती झालेली दिसते. प्रत्यक्षात त्याचा कारखाना बंद पडलेला असतो आणि वर सोसायटीचा मेंटेनन्स सुरू झालेला असतो. उत्पन्न घटते आणि खर्च वाढतो. मग काही वर्षांनी तो ती खोली भाड्याने देऊन किंवा आडमार्गाने विकून पुन्हा दुसऱ्या वस्तीत जमिनीलगतची जागा शोधतो. लोक म्हणतात, यांना फुकट घर दिले तरी विकून खातात. त्याने घर का सोडले याची चौकशी कोणी करीत नाही.

नियम काय सांगतो?

नियमात व्यवसायाचा विचार अजिबात नाही असे नव्हे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमावलीप्रमाणे पात्र दुकानदाराला किंवा व्यावसायिकाला त्याच्या ताब्यातील प्रत्यक्ष क्षेत्राएवढा, परंतु जास्तीत जास्त २२५ चौरस फुटांचा गाळा मोफत मिळतो. त्याहून अधिक जागा असल्यास ती विक्रीच्या दराने, प्राधान्याने घेता येते. घातक अथवा अति प्रदूषण करणारे व्यवसाय वगळता पूर्वीचे व्यवसाय त्याच ठिकाणी पुन्हा सामावून घेता येतात. क्षेत्र ठरविताना प्रत्यक्ष मोजणीबरोबर दुकान परवाना, वीज बिल, फोटोपास असे कागद पाहिले जातात. पात्र आणि अपात्र व्यक्तींची ही यादी 'परिशिष्ट-२' या नावाने ओळखली जाते. आपले नाव त्यात निवासी म्हणून गेले की अनिवासी म्हणून, यावर पुढचे सर्व अवलंबून असते.

अडचण येथेच सुरू होते. पहिली अडचण अशी की ज्या खोलीत संसार आणि धंदा दोन्ही आहेत, तिची नोंद बहुतेक वेळा केवळ निवासी म्हणून होते. वीज मीटर घरगुती असतो, दुकानाचा परवाना कधी काढलेलाच नसतो. वीज कंपनीचा व्यापारी दर टाळण्यासाठी जे आपण पंधरा वर्षे केले, तेच मोजणीच्या दिवशी आपल्या अंगाशी येते.

दुसरी अडचण पोटमाळ्याची. आपल्या वस्त्यांत तळमजला एकाचा आणि माळा दुसऱ्याचा असा प्रकार सर्रास आढळतो. खाली दुकान, वर शिलाईचा कारखाना. योजना मात्र झोपडीचा विचार जमिनीवरून करते आणि वरच्या मजल्यावरच्याला त्यात स्थान नसते. तिसरी अडचण भाडेकरू कारागिराची. गाळा मालकाच्या नावावर असतो आणि धंदा भाडेकरूचा असतो. गाळ्याचा मोबदला ठरतो तेव्हा धंदा करणारा चित्रात नसतो.

धारावीत हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहिले आहेत. चामडे, तयार कपडे, जरीकाम, कुंभारकाम, प्लास्टिकचा पुनर्वापर अशा असंख्य धंद्यांचे हे गाव. अनेक दशकांच्या चर्चेनंतर २०२२ मध्ये पुनर्विकासाची निविदा निघाली आणि पुढील वर्षी ती अदानी समूहाच्या कंपनीला मिळाली. राज्य शासन यात २० टक्क्यांचे भागीदार आहे. निविदेतील अटींप्रमाणे १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र निवासी झोपडीधारकाला धारावीतच ३५० चौरस फुटांचे मोफत घर मिळावयाचे आहे. मुंबईतील इतर योजनांपेक्षा हे क्षेत्र अधिक आहे. २००० ते २०११ या काळातील लोकांना अडीच लाख रुपये भरून धारावीबाहेर ३०० चौरस फुटांचे घर, आणि त्यानंतरच्या तसेच वरच्या मजल्यावरच्या लोकांना धारावीबाहेर भाडे-खरेदी पद्धतीने घर, अशी विभागणी आहे.

वरच्या मजल्यावरच्या माणसाला प्रथमच काहीतरी मिळते आहे, ही या योजनेची जमेची बाजू मान्य केली पाहिजे. पण विचार करा. धारावीतला माळा म्हणजे कोण? शिवणारा, भरतकाम करणारा, पाकिटाला शेवटची शिलाई घालणारा. तळमजल्यावरच्या व्यापाऱ्याचा माल त्याच्याच हातून तयार होतो. व्यापारी धारावीत राहिला आणि कारागीर दहा किलोमीटर दूर गेला तर दोघांचेही नुकसान आहे. आज सकाळी कापलेला माल संध्याकाळी तयार मिळतो, हीच धारावीची ताकद आहे. ती साखळी एकदा तुटली की पुन्हा जोडणे कोणत्याही शासन निर्णयाने शक्य होणार नाही.

जेथे कामगार आधी मोजला गेला

व्यवसाय ध्यानात घेऊन वसाहत उभी करणे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने सोलापूरकडे पाहावे. तेथील विडी कामगार स्त्रियांनी, कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने, शहराबाहेर कुंभारी येथे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभारली. केंद्र शासन, राज्य शासन आणि स्वतः कामगार स्त्री अशा तिघांच्या वाट्यातून ही घरे झाली आणि सप्टेंबर २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांना सुपूर्द करण्यात आली. त्यानंतर त्याच भागात विडी, यंत्रमाग, शिलाई, कचरावेचक अशा असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यातील १५ हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.

दोन वेगवेगळ्या पक्षांच्या पंतप्रधानांनी एका तिसऱ्याच पक्षाच्या नेत्याने उभ्या केलेल्या कामाच्या चाव्या द्याव्यात, यातच बरेच काही आले. या प्रकल्पाची सुरुवात बिल्डरच्या नकाशापासून झाली नाही. आधी कामगारांची यादी झाली, त्यांची सहकारी संस्था झाली, मग जमीन आली आणि मग अनुदान. अर्थात तेथेही अंतराचा प्रश्न आहेच. विडी कामगार स्त्रीला पाने आणि तंबाखू कंपनीच्या शाखेतून आणावी लागतात आणि वळलेल्या विड्या तेथेच जमा कराव्या लागतात. घर शहराबाहेर गेले की शाखा आणि बसही तिच्यामागे गेली पाहिजे. अन्यथा मजुरीतला मोठा हिस्सा रिक्षालाच जाईल. परंतु कामगार म्हणून नोंद झालेली असल्याने ही मागणी तरी एकत्र करता येते. एकेकट्या पडलेल्या कारागिराला ते शक्य नसते.

मुंबईच्या भेंडी बाजारात बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने २००९ पासून समूह पुनर्विकास हाती घेतला आहे. साडेसोळा एकरांवरील सुमारे अडीचशे जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने असा त्याचा पसारा आहे. सर्वसाधारण झोपडपट्टी योजनेशी त्याची बरोबरी करता येणार नाही. त्यामागे एका संघटित समाजाचा पैसा आणि विश्वास आहे. घ्यायचा धडा एवढाच, की कुटुंबांचा आकडा आणि दुकानांचा आकडा तेथे आरंभापासून शेजारी शेजारी लिहिला गेला. बाजार उठवून बाजार वसविता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

ज्याला बेघर म्हणत नाहीत तो बेघर

आता ज्याच्याकडे झोपडीही नाही त्याच्याविषयी. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक बेघर नोंदले गेले. शहरांत एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचे एक कायम निवारागृह असावे, असा केंद्राच्या योजनेचा निकष आहे. फुटपाथ, पुलाखाली, फलाटावर, जिन्याखाली झोपणारा जनगणनेच्या दृष्टीने बेघर होय.

परंतु जो कारागीर कारखान्यातच झोपतो तो कोणत्या रकान्यात येतो? तो रस्त्यावर नाही म्हणून बेघर नाही. त्याचे भाड्याचे घर नाही म्हणून भाडेकरू नाही. झोपडी त्याच्या नावावर नाही म्हणून पात्र नाही. बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून आलेला, महिन्याकाठी गावी पैसे पाठविणारा, मशीनच्या बाजूला सतरंजी टाकणारा हा तरुण सर्व योजनांच्या बाहेर राहतो. त्याच्या मेहनतीवर आपले कारखाने चालतात, आणि म्हणून हा विषय शासनाइतकाच आपलाही आहे.

या बेफिकिरीची किंमत काय असते ते अलीकडच्या घटना सांगतात. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत कोसळली आणि किमान ३८ जण झोपेतच गेले. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेल्या कामगारांपैकी सहा जण मृत्युमुखी पडले. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याच्या आगीत तेथेच राहणारे आठ जण गेले. त्यात मालकाचे कुटुंबही होते. म्हणजे कामाच्या जागी राहण्याचा धोका केवळ मजुराला असतो असे नाही. कापूस, सूत, रसायन आणि झोपलेली माणसे एका छताखाली ठेवणे हे कोणाच्याच हिताचे नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. तुम्हीच म्हणता की घर आणि धंदा एकत्र असावा, आणि तुम्हीच म्हणता की कारखान्यात झोपू नये. मग काय करावे? उत्तर सरळ आहे. घर आणि काम जवळ असावे, पण भिंत वेगळी असावी. विडी, शिलाई, भरतकाम यांसारखी कामे घरात चालू शकतात. मोटार, रसायन, भट्टी यांची कामे त्याच वसाहतीतल्या स्वतंत्र गाळ्यांत गेली पाहिजेत. घर तिसऱ्या मजल्यावर असले तरी चालेल, पण कामाचा गाळा खाली, रस्त्याला लागून आणि चालत जाण्याच्या अंतरावर हवा.

शासनाकडे काय मागावे?

आपल्या वर्गाने मोघम तक्रारी करण्यापेक्षा नेमक्या मागण्या मांडल्या पाहिजेत.

पहिली मागणी सर्वेक्षणाची. कोणत्याही पुनर्वसन योजनेच्या फॉर्मवर घरात चालणाऱ्या कामाचा स्वतंत्र रकाना असावा. काय काम, किती माणसे, किती मशीन, माल कोठून येतो आणि कोठे जातो, एवढे तरी लिहिले जावे. जे लिहिलेच जात नाही त्याची नुकसानभरपाई कोणत्या आधारावर मागणार?

दुसरी मागणी सामाईक कामगाळ्यांची. प्रत्येक मोठ्या पुनर्वसन प्रकल्पात खालच्या मजल्यांवर कारागिरांसाठी भाड्याचे गाळे असावेत. त्यांत पुरेशा दाबाची वीज, मालाची लिफ्ट, टेम्पो उभा करण्यास जागा आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता असावा. गाळे विकू नयेत, भाड्यानेच द्यावेत. विकले की ते कारागिराच्या हाती राहत नाहीत.

तिसरी मागणी संक्रमण काळाची. विकासक घराचे भाडे देतो, पण धंदा जेथे हलवायचा त्या जागेचे काय? इमारत उभी राहण्यास चार-पाच वर्षे लागतात आणि तुटलेले गिऱ्हाईक तेवढा काळ थांबत नाही. राहण्याच्या भाड्याइतकेच कामाच्या जागेचे भाडे बंधनकारक असावे.

चौथी मागणी भाड्याच्या घरांची. केंद्राच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात चार प्रकार आहेत: स्वतःच्या जमिनीवर घर बांधण्यास अनुदान, भागीदारीत परवडणारी घरे, भाड्याची घरे आणि गृहकर्जावरील व्याजात सवलत. यांतील पहिला प्रकार ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच उपयोगी. चौथा प्रकार कर्ज काढणाऱ्यालाच उपयोगी, आणि आपल्यातील जे व्याजाचा व्यवहार टाळतात त्यांना तो आपोआप बंद आहे. म्हणून आपल्या वर्गासाठी भाड्याची घरे आणि थेट अनुदान हेच दोन मार्ग महत्त्वाचे ठरतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर या यंत्रमागाच्या शहरांत कामगारांसाठी खाटेवार भाड्याची वसतिगृहे उभी राहिली तर आज मशीनशेजारी झोपणाऱ्या हजारो माणसांची सोय होईल.

आपले स्वतःचे काम

शासनाकडे बोट दाखविताना आपल्या हातातील कामे राहून जाऊ नयेत. व्यवसायाचे कागद आजच तयार करावेत. 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे. जीएसटी क्रमांक नसलेल्या अगदी लहान धंद्यासाठीही २०२३ पासून 'उद्यम असिस्ट'ची सोय आहे. ज्याला आपण गुमास्ता म्हणतो त्या दुकान कायद्याखाली छोट्या आस्थापनेने केवळ सूचना देऊन तिची पावती घेणे पुरेसे असते. वीज बिल, जुन्या भाड्याच्या पावत्या, माल दिल्या-घेतल्याची बिले एका फाईलमध्ये जपून ठेवावीत. व्यापारी दराची वीज महाग वाटते हे खरे, पण तो मीटरच आपल्या गाळ्याचा साक्षीदार असतो.

नोटरीवर घर घेण्याची सवय सोडावी. मालेगावपासून मुंब्र्यापर्यंत शंभराच्या स्टॅम्पवर लाखो रुपयांची घरे घेतली जातात. असा कागद मालकी सिद्ध करीत नाही आणि अनुदानाच्या दारात पहिल्याच पायरीवर अडवितो. खरेदीखत नोंदवून घ्यावे, सातबारा अथवा सिटी सर्व्हेचा उतारा पाहावा.

भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ही जबाबदारी घरमालकावर आहे. आपल्यातील कित्येक जण स्वतः घरमालक आहेत. भाडेकरूला कागद दिला की तो डोक्यावर बसेल ही भीती मुदतीच्या रीतसर कराराने दूर होते. कागद न देणारा मालक भाडेकरूला अपात्रतेच्या खड्ड्यात ढकलत असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कारखानदार बांधवांनी आपल्या कामगारांच्या झोपण्याची व्यवस्था मशीनपासून वेगळी करावी. चार कारखानदारांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली तरी हे होऊ शकते. रात्री बाहेरून कुलूप लावण्याची पद्धत तर तत्काळ बंद झाली पाहिजे. त्याने वाचणारा माल एका माणसाच्या जिवाच्या किमतीचा नसतो.

पस्तीस लाख घरांची घोषणा झाली आहे. त्यांतील काही आपल्या वस्त्यांवरही उभी राहतील. सर्वेक्षणाचा माणूस दारात येईल तेव्हा तो विचारील, घरात किती माणसे राहतात? त्याला माणसांचा आकडा सांगावा, आणि त्याने विचारले नाही तरी कामाचाही सांगावा. तो आकडा त्याने लिहून घेतला की नाही, हे तेथल्या तेथे वाचून पाहावे आणि मगच सही करावी.